सूचना : शनिवारचा कचऱ्याचा तास

नमस्कार सर/मॅडम,
येत्या शनिवारी पाचवी ते सातवीला कचरा वर्गीकरणाचा तास स्मार्ट टीव्हीवर घ्यायचा आहे. नुसता व्हिडिओ लावून चहाला जाऊ नका (गेल्या वेळी मीही तेच केलं, म्हणून सांगतेय). मोबाईल टीव्हीला जोडून कॅमेरा चालू करा आणि मुलांनी आणलेली बाटली उलटी धरा. बुडाशी त्रिकोणातला बारीक आकडा पडद्यावर वीतभर दिसतो. तो प्लास्टिकचा प्रकार सांगतो: 1 म्हणजे पाण्याच्या बाटलीचं पेट (PET) प्लास्टिक, 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक. मुलं मग घरातले डबे उलटे करत सुटतात.

ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा (2016 च्या नियमांत घरगुती घातक होता तो) ही 2026 च्या नियमांतली विभागणी फळ्यावर राहू दे. संपलेले सेल मुलं हमखास सुक्यात टाकतात, तिथे जरा थांबा. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून लाल ठिपका करून वेगळं देण्याची पुण्यातली पद्धत सातवीला सांगाच, मुलग्यांनाही.

बाटल्या धुऊनच आणायला सांगा; काच, सुया नकोत. पेनड्राइव्ह शुक्रवारीच लावून बघा. रिमोट ऑफिसात आहे, त्यातले सेल मात्र संपलेत. तेच वर्गात दाखवायला न्या!