सूचना : नवीन सभासदांची नावे सुचवण्याबाबत

सर्व रोटेरियन मित्रमैत्रिणींना नमस्कार.

ऑगस्ट हा रोटरीत सभासदवाढीचा महिना, म्हणून ही आठवण. कोणाचे नाव सुचवायचे असेल तर भरलेला फॉर्म पुढच्या मीटिंगपर्यंत माझ्याकडे द्या. सुचवणाऱ्याची सही हवीच. मागच्या वर्षी दोन फॉर्म सहीविना आले आणि फाइलमध्येच राहिले, ती माणसे भाजी मंडईत भेटली की अजून मला विचारतात, "आमचे काय झाले?"

नाव देण्याआधी त्या व्यक्तीला एक-दोन मीटिंगना पाहुणे म्हणून आणा. वर्गणी किती, रविवारी सकाळी रक्तदान शिबिरात खुर्च्या कोण मांडते, हे आधीच सांगा. "ओळखी वाढतील, धंदा वाढेल" एवढ्यावर आणलेला माणूस दिवाळीपर्यंतही टिकत नाही.

व्यवसायही बघा. १९०५ साली शिकागोत रोटरीचे संस्थापक पॉल हॅरिस पहिल्यांदा तिघांसोबत बसले, तेव्हा चौघांचे चार धंदे होते : वकील, कोळशाचा व्यापारी, खाण अभियंता आणि शिंपी. आपल्याकडे डॉक्टर आणि बिल्डर भरपूर, पण छापखानावाला किंवा अडत्या एकही नाही. महिलांना १९८९ पासून रोटरीचे दार उघडे आहे, तरी आपल्या यादीत चारच नावे. हे मला तरी बरे वाटत नाही.

नाव आले की आधी समिती, मग बोर्ड बघते. तोवर समोरच्याला "झालेच समजा" असे कृपया सांगू नका.

आणि पाहुणा आणणार असाल तर आदल्या संध्याकाळपर्यंत कळवा. ऐनवेळी ताटे वाढली की पुऱ्या कमी पडतात.

– सेक्रेटरी