बाबांच्या फाइलवरचे अडीच टक्के

ती. बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबांचा आकसलेला एऑर्टिक व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयातून शरीराकडे रक्त सोडणारी झडप, बदलायच्या ऑपरेशनच्या फाइलचे फोटो मिळाले. सर्जननी पहिल्याच पानावर 'युरोस्कोर २ : २.५%' असं, म्हणजे हृदयाच्या ऑपरेशनात जिवाला असलेल्या धोक्याचा अंदाज, लिहिलंय आणि तुम्हा दोघांचा जीव त्या आकड्यात अडकलाय, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते. फोनवर हे सगळं नीट सांगता येत नाही.

बाबांचं वय, किडनी आणि धाप जशी आहे तशीच असलेल्या हजार जणांचं हे ऑपरेशन केलं, तर साधारण पंचवीस जण हॉस्पिटलच्या त्याच मुक्कामात दगावतात आणि उरलेले घरी जातात. अडीच टक्क्यांचा अर्थ एवढाच. त्यानंतरची पाच-दहा वर्षं कशी जातील, याबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही. तो बांधलाय २०१० च्या मे ते जुलैमध्ये ४३ देशांत हृदयाची ऑपरेशनं झालेल्या २२,३८१ रुग्णांच्या माहितीवर. बाबा त्या हजारांत कुठे बसतील हे कुठलंच गणित सांगू शकत नाही, पण गणितात घातलेली माहिती बरोबर आहे की नाही हे आपण नक्की तपासू शकतो.

आणि तिथेच मला एक गोष्ट खटकली. युरोस्कोर नुसतं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) बघत नाही, त्यावरून किडनी मिनिटाला किती रक्त साफ करते ते काढतो. १४० मधून वय वजा करायचं, त्याला वजनाने गुणायचं, आणि ७२ गुणिले क्रिएटिनिन एवढ्याने भागायचं. बाबांचं वय ७६, वजन ६२ किलो, फाइलमधलं क्रिएटिनिन १.४. उत्तर येतं ३९. पन्नास किंवा त्याखाली आलं की किडनीचा सगळ्यात जड गट लागतो. पण हे १.४ अँजिओग्राफीनंतर दोन दिवसांनी काढलेल्या रक्तातलं आहे. अँजिओत शिरेत सोडतात त्या डायमुळे क्रिएटिनिन दोन-तीन दिवस चढतं आणि बहुतेकदा आठवड्याभरात उतरतं. महिन्यापूर्वीच्या रिपोर्टात ते १.१ होतं. तो आकडा घातला तर उत्तर ५०.१ येतं, गट बदलतो, आणि बाकी सगळं तसंच ठेवून धोका २.५ वरून १.४ टक्क्यांवर येतो. एका तपासणीच्या वेळेवरून एवढा फरक! म्हणून क्रिएटिनिन पुन्हा करून घ्या. आणि बाबा, गुडघ्यासाठी घेता ती दुखण्याची गोळी आजपासून बंद. ती किडनीवरच बसते. फारच दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून. बाकीच्या गोळ्या मात्र मनाने थांबवू नका.

आई, 'पावसाळा होऊन जाऊ दे, मग बघू' म्हणालीस. त्याचंही गणित करून पाहिलं. आज बाबांना जिना चढताना धाप लागते. उद्या बसल्याजागी धाप लागून तातडीने ॲडमिट व्हावं लागलं आणि त्याच मुक्कामात ऑपरेशन करायची वेळ आली, तर फक्त या दोन बदलांनी अडीचचे ४.३ टक्के होतात. छातीत पाणी भरून फुप्फुसांतला दाब वाढला, हृदयाचं पंपिंग कमी झालं, तर आणखी वर. शिवाय ऑपरेशन न करण्याचा धोका फाइलवर कुणी लिहीत नाही. २०१० च्या 'पार्टनर' नावाच्या संशोधनात याच आजाराचे, पण ऑपरेशन झेपणारच नाही असे, सरासरी ८३ वर्षांचे रुग्ण होते. नेहमीच्या उपचारांवर ठेवलेल्यांपैकी ५०.७ टक्के वर्षभरात गेले. पायाच्या शिरेतून, म्हणजे टावीने, व्हॉल्व्ह बसवलेल्यांपैकी ३०.७ टक्के. बाबा त्यांच्यापेक्षा पुष्कळ धडधाकट आहेत, पण इतका आकसलेला व्हॉल्व्ह आणि सोबत धाप असताना थांबणं सुरक्षित नाही, हे माझं ठाम मत आहे.

युरोस्कोरमधून सुटते ती गोष्ट म्हणजे अंगातली ताकद. ती घरीच मोजता येते. व्हरांड्यात खडूने पाच मीटरवर दोन रेघा मारा. बाबांनी पहिल्या रेघेच्या दोन पावलं मागून निघून नेहमीच्या चालीने दुसऱ्या रेघेच्या पुढे जायचं, आईने मोबाइलवर दोन रेघांमधला वेळ घ्यायचा. मधे विश्रांती घेऊन तीनदा, मग सरासरी. सहा सेकंद किंवा जास्त लागले तर चाल मंद धरतात, आणि अशा रुग्णांना कागदावरच्या आकड्यापेक्षा धोका जास्त असतो. दुसरी चाचणी खुर्चीची: हात छातीवर बांधून पाच वेळा उठायचं-बसायचं, पंधरा सेकंदांच्या आत. ही मात्र घरी करू नका, फिजिओथेरपिस्टसमोरच करा. या आजारात झटकन उठताना भोवळ येते. चालतानासुद्धा छातीत भरून आलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबायचं.

या दोन चाचण्यांच्या जोडीला हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) आणि स्मरणशक्ती बघतात. बाबांचं हिमोग्लोबिन ११.२ आहे, पुरुषांत १३ च्या खाली कमीच. नुसती लोहाची गोळी सुरू करून भागणार नाही, कारण आकसलेल्या एऑर्टिक व्हॉल्व्हच्या रुग्णांना आतड्यातून बारीक रक्तस्राव होऊ शकतो. शौच काळी होते का ते बाबांनी सांगायला लाजू नये. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्या. अल्ब्युमिन तर फाइलमध्ये दिसतच नाही. ३.५ च्या खाली असेल तर जेवणात प्रथिनं वाढवावी लागतील, पण किडनीमुळे किती ते डाएटिशियनकडूनच ठरवून घ्या. दातही दाखवा. किडलेला दात ऑपरेशनआधी काढलेला बरा, नाहीतर तिथले जंतू नव्या व्हॉल्व्हवर जाऊन बसतात.

टावीबद्दल विचारलंत. ६५ ते ८० या वयात दोन्ही पर्याय मोकळे असतात, निर्णय सीटी स्कॅनवर होतो: व्हॉल्व्हच्या कड्याचं माप, कॅल्शियम, मांडीच्या शिरांची रुंदी. टावीत छाती उघडावी लागत नाही, पण पेसमेकर लागण्याची शक्यता जास्त. आणि युरोस्कोर टावीसाठी बनवलेला नाही, त्यामुळे हे अडीच टक्के तिकडे लावू नका. उघडं ऑपरेशन ठरलं तर बाबांच्या वयाला टिश्यू व्हॉल्व्ह, म्हणजे प्राण्याच्या ऊतींपासून बनवलेला, बरा. मेटलच्या व्हॉल्व्हला जन्मभर रक्त पातळ करायची गोळी आणि आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याची, तपासणी मागे लागते.

सर्जनना तीन गोष्टी विचारा. नव्या क्रिएटिनिनवर स्कोर किती येतो? तुमच्याकडे गेल्या वर्षभरात फक्त एऑर्टिक व्हॉल्व्हची किती ऑपरेशनं झाली आणि त्यांतले किती दगावले? चालण्याची वेळ बघून तुमचं मत बदलतं का? दुसरा प्रश्न विचारायला संकोच वाटेल, पण विचाराच. चांगला सर्जन यावर रागावत नाही.

रक्ताचे रिपोर्ट आणि चालण्याचे तिन्ही वेळ आले की लगेच व्हॉट्सॲपवर पाठवा. मी पुन्हा हिशोब करून ओपीडीच्या आधी फोन करते.

तुमची,
मनू