बाबांच्या लसी, आणि आईशी थोडं

ती. बाबा व सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की बाबा, तुम्ही "बघू, बघू" म्हणत फोन आईकडे देता आणि आई रडायला लागते. म्हणून लिहितेय. २२ तारखेची मांडवीची दोन तिकिटं काढली आहेत, चिपळूण ते ठाणे. न विचारता काढली, रागावू नका. विचारलं असतं तर तुम्ही आंब्याच्या मोहोराचं कारण पुढे केलं असतं. फवारणीचं मी अनंताकाकांशी बोलले आहे.

गेल्या महिन्यात तुमचे कागद बीपीसाठी इथल्या डॉक्टरांना दाखवले. त्यात रेशनकार्डाच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं २००१ चं डिस्चार्ज कार्डही होतं, परशुराम घाटातल्या अपघाताच्या वेळचं. घडीवरची अक्षरं पार पुसली आहेत. ते उजेडाकडे धरून वाचत डॉक्टरांनी विचारलं, "प्लीहा काढल्यावर लसी दिल्या होत्या का?" मी गप्प. आपल्याला तेव्हा कुणी काही सांगितलंच नाही. टाके भिजवू नका, जड उचलू नका, एवढंच.

न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस, हिब या जंतूंभोवती साखरेचं कवच असतं. रक्तातून त्यांना गाळून मारायचं मोठं काम प्लीहेचं. ती नसली की साधा वाटलेला ताप काही तासांत जिवावर बेततो. जंतू रक्तातून मेंदूच्या आवरणापर्यंत पोचले की ते सुजतं. त्यालाच मेंदूज्वर म्हणतात. हा शब्द आपल्या घरात कुणी काढत नाही, मला ठाऊक आहे.

इतकी वर्षं काही झालं नाही, असं तुम्ही म्हणाल. पहिल्या दोन-तीन वर्षांत धोका जास्त असतो हे खरं, पण तो जन्मभर जात नाही, आणि आता तुमची सत्तरी उलटली आहे.

आई, आता तुझ्याशी. १९८३ साली दादाला हाच आजार झाला तेव्हा तो दीड वर्षाचा होता. दाताचा ताप समजून एक रात्र घरी काढलीस, ती तू अजून उगाळतेस. तो दवाखान्यातून घरी आल्यावर तू त्याच्या पाठीमागे ताट वाजवलंस आणि त्यानं मान वळवली नाही, हे तू मला एकदाच सांगितलंयस, तांदूळ निवडताना, माझ्याकडे न बघता. अगं, कोणता जंतू होता ते त्याच्या तेव्हाच्या कागदांवरही नाही. पण त्या वयात हिब हे मोठं कारण असायचं, आणि हिबची पहिली लस अमेरिकेतसुद्धा १९८५ ला आली. आपल्या देशाच्या लसीकरणात ती २०११ च्या डिसेंबरात शिरली, तीही आधी केरळ आणि तमिळनाडूत. तू कुठून आणणार होतीस? त्या आजारातून उठलेल्या मुलांचा कान जाणं फार जणांच्या वाट्याला येतं. तुझ्या हातून काही सुटलं नव्हतं. माझ्या दोन्ही पोरांना ही लस टोचताना मला तूच आठवत होतीस.

गल्लीत बाबांची स्कूटर वळली की मी दादाचा हात दाबायचे आणि तो माझ्याआधी दाराशी पोचायचा. तुमच्या आवाजासाठी अजून माझे कान टवकारलेले असतात, बाबा.

तर न्यूमोकोकसची लस, हिबची एक, आणि मेनिंगोकोकसची दोनदा, मध्ये किमान आठ आठवडे. म्हणून दोन महिने राहायचं आहे. शिमग्याला पालखीच्या आधी तुम्हाला घरी पोचवते, शब्द देते. आतली खोली तुमची. कमोडला दांडी बसवून घेतली, मच्छरदाणी आहे, उकडा तांदूळ आणून ठेवलाय, सकाळी पेज मिळेल. आईच्या देवांना खिडकीपाशी फळी ठोकली आहे. पैशांचं काढू नका, भरून झाले.

तोवर बाबा, ऐका. लस घेतली तरी सगळेच जंतू अडत नाहीत. ताप आला तर क्रोसिन घेऊन पडून राहायचं नाही. तडक दवाखाना गाठायचा आणि आधी सांगायचं, प्लीहा नाही. मान ताठली, उजेड सोसेना, उलट्या झाल्या किंवा बोलणं भरकटलं तर आईनं शेजारी हाक मारायची, सकाळची वाट बघायची नाही, रात्रीचे कितीही वाजलेले असोत. मला नंतर कळवलंत तरी चालेल.

डिस्चार्ज कार्ड बॅगेत टाकू नका, आईच्या पर्समध्ये ठेवा. फणसाचे गरे, कोकम काही बांधू नका, ओझं होतं. आलंच तर थोडं कुळथाचं पीठ चालेल.

दादा ठाण्याला प्लॅटफॉर्मवर उभा असेल. त्यानं रजा टाकलीय. डबा नंबर त्याला मेसेज केला आहे. गाडी पूर्ण थांबेपर्यंत दाराशी येऊ नका, तो आत चढून बॅगा घेईल.

तुमची,
मनू