सनद, पगार आणि बाबांची बिलं

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, "सनद स्थगित केलीस, म्हणजे आता तू वकील नाहीस का?" हे तुम्ही विचारलंत आणि मला फोनवर धड उत्तर देता आलं नाही. वकिलांचं नियमन करणाऱ्या बार काउन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली थांबवावी लागते. नोकरी सोडली तर अर्ज करून वकिली पुन्हा सुरू करता येते. ठाणे कोर्ट सुटल्याचं मला वाईट वाटतंच. पण सिनिअरांकडे जे हातात पडायचं त्यात कळव्याचं भाडंही निघत नव्हतं. ज्युनिअरला शहरात किमान २०,००० रुपये द्यावेत असं बार काउन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये म्हटलं, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही.

ऐरोलीच्या या कंपनीत लीगल विभागासाठी मुलाखत झाली, तेव्हा कलमं कुणी विचारली नाहीत. एक करार पुढे ठेवला आणि "यात कंपनी कुठे अडकेल?" एवढंच विचारलं. आई, पॅकेजच्या आकड्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, व्हेरिएबल म्हणजे कामगिरीवर ठरणारा भाग, सगळं धरलेलं असतं, तेव्हा नातेवाइकांना तो सांगू नकोस.

मागच्या महिन्यात रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपचा करार माझ्याकडे आला. पेमेंट ९० दिवसांनी. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात ४५ दिवसांच्या वर जाताच येत नाही; उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या 'बँक दरा'च्या तिप्पट चक्रवाढ व्याज. खरेदीवाले कुरकुरले. मी कलम दाखवलं आणि ४५ करून घेतले. बाबा, बिलांसाठी तुम्ही घातलेले हेलपाटे मी लहानपणी पाहिलेत. त्या दिवशी घरी जाताना मला फार बरं वाटलं.

बढतीचं मात्र अवघड आहे. लीगलमध्ये आम्ही मोजकी माणसं, वरची खुर्ची एकच. म्हणून पगार वाढवायचा तर लोक कंपनी बदलतात. मलाही बीकेसीतून जास्त पगाराची ऑफर आहे. तिथे दिवसभर एकाच साच्याचे करार तपासायचे. मी त्यांना नकार देतेय. तुम्हाला पटणार नाही कदाचित, पण विचार करूनच ठरवलंय.

बाबा, एक काम करा. पुरवठादारांसाठी नवा करार मी लिहितेय. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर तो स्वीकारला असं तोच कायदा धरतो. तरीही गिऱ्हाईक बिल कसकसं लटकवतं, ते आठवेल तसं लिहून पाठवा. या आठवड्यात मिळालं तर मसुद्यात घेता येईल.

तुमची लेक