मावशी, सलाम

हे पत्र लिहायला आठ महिने लागले. लिहायला बसले की आधी रागच यायचा, आणि रागात लिहिलेलं तुमच्या हाती द्यायचं नव्हतं.

तुमच्या आधी आमच्याकडे कोण येऊन गेलं, ते तुम्हाला ठाऊक आहे. नाव घेत नाही. पोराला फिट यायची, ती भुतामुळं म्हणून दर शुक्रवारी दहा-बारा जण यायचे, त्याचं डोकं दाबून धरायचे आणि "नीघ, नीघ" म्हणून ओरडायचे. नऊ वर्षांचं लेकरू ते! सगळे गेले की मला विचारायचं, "आई, माझ्यात खरंच कुणी आहे का गं?" मग माझ्या माहेरचं काढलं. पणजीनं कुठल्या जत्रेत नवस केला असेल, त्याचं बंधन. शेवटी गोळ्यांवर आले. गोळ्या चालू म्हणजे विश्वास कमी. आणि मी बंद केल्या. हो, मीच. फिटच्या गोळ्या अशा एकदम तोडल्या की फिट जास्त जोरानं येते, हे मला दवाखान्यात भरती केल्यावर कळलं.

तुम्ही आलात त्या दुपारीही त्याला आलीच. शेजारची कांदा घेऊन धावली, कुणी चप्पल शोधत होतं. तुम्ही त्याला कुशीवर वळवलंत, डोक्याखाली स्वतःची शाल घातलीत आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलात. "पाच मिनिटांवर गेली तर रिक्षा बोलवा." एवढंच बोललात. तीन मिनिटांत थांबली.

मग तो झोपला आणि मी रडत बसले, तेव्हा मोरीतून पाण्याचा आवाज आला. तुम्ही त्याची ओली चड्डी धूत होतात. साबण लावून, नीट पिळून दोरीवर टाकलीत आणि पदराला हात पुसत आलात. कुणाला काही बोलला नाहीत. तो उठला तेव्हा अंगावर कोरडी चड्डी होती, त्याला लाजावं लागलं नाही. मावशी, वर्षभरात आमच्या घरात एवढ्या प्रार्थना झाल्या, पण त्या चड्डीला कुणी हात लावला नव्हता.

नंतर तुम्ही बायबलमधला मत्तयाचा चौथा अध्याय काढून चोविसाव्या ओवीवर बोट ठेवलंत. भूतग्रस्त वेगळे लिहिलेत, फेफरेकरी म्हणजे फिट येणारे वेगळे. मी लहानपणापासून संडेस्कूलला गेलेली, कधी दिसलंच नव्हतं. मी विचारलं, मग सैतान नाहीच का? तुम्ही म्हणालात, "आहे ना. पण पोराच्या मेंदूत नाही. तुझ्या कानाशी बसलाय, हे तुझ्यामुळं झालं म्हणत. बायबलच्या शेवटी, प्रकटीकरणात त्याला काय म्हटलंय? दोष देणारा." मला तोवर वाटायचं, आत्मिक लढाई म्हणजे आरडाओरडा. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्रसुद्धा सात दिवस गप्प बसले होते तोवर बरे होते, तोंड उघडून त्यालाच दोष दिला आणि घोटाळा झाला!

आता गोळ्या सकाळ-संध्याकाळ वेळेवर चालू आहेत. तुम्ही पाकीट हातात घेऊन "प्रभू, हे तुझंच" म्हणाला होतात, तो तसंच म्हणून गिळतो. मधे दोनदा फिट आली. येईल अजूनही, डॉक्टरांनी सांगितलंय. आली की तो नंतर विचारतो, "किती मिनिटं?"

तुमची शाल धुऊन ठेवली आहे. नाताळात करंज्यांच्या डब्याबरोबर घेऊन येतो, तोही येणार म्हणतोय.

तुमचीच,
पोराची आई