हॉल पाहताना स्वच्छतागृहेही पाहा : स्वयंसेवकांसाठी सूचना

ब्रिटनमधल्या आपल्या गणेशोत्सवासाठी हॉल पाहायला जाणाऱ्यांनी स्वच्छतागृहे आत शिरून पाहावीत. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १६ एप्रिल २०२५ च्या निकालानुसार २०१० च्या समानता कायद्यातली ‘स्त्री’ म्हणजे जन्मतः स्त्री. ट्रान्सजेंडर व्यक्तींना भेदभाव व छळापासून असलेले संरक्षण मात्र त्याच कायद्यात कायम आहे. ट्रान्सजेंडर व्यक्तींनी कोणते स्वच्छतागृह वापरायचे हा वाद संपलेला नाही. आपल्याला सोय तर करायचीच आहे.

सर्वांत कमी कटकटीची म्हणजे सर्वांसाठीची स्वतंत्र खोली : कमोड, बेसिन आणि हात सुकवायची सोय आतच, दाराला आतून कडी. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या बिगर-निवासी इमारतींच्या नियमांत स्त्री-पुरुषांची वेगळी स्वच्छतागृहे आधी, आणि जागा असेल तर जोडीला अशी खोली, असे आहे; जागा अपुरी असेल तर नुसत्या अशा खोल्याही चालतात. जुन्या चर्च हॉलमध्ये अशी खोली बहुधा नसते. नेहमीच्या स्वच्छतागृहावर नुसती ‘सर्वांसाठी’ अशी पाटी लावून भागत नाही. कप्प्यांना खाली फट आणि बेसिन बाहेर सामाईक असले की बायका तिकडे फिरकत नाहीत, उरलेल्या ठिकाणी रांग वाढते. अपंगांची एकुलती एक खोली सगळ्यांना दाखवू नका, व्हीलचेअरवरचा माणूस ताटकळतो.

स्वच्छतागृहाच्या दारात कुणाचेही ओळखपत्र मागू नये. तक्रार आल्यास समितीतल्या दोघांनी बाजूला घेऊन बोलावे, माइकवरून नाही. आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी खोल्यांचे फोटो ग्रुपवर टाका.