जखम वाळू द्यायची की ओलसर ठेवायची?

महोदय,

जखम उघडी ठेवून वाळू द्यावी, हा समज आपल्या इंदुरातल्या सुशिक्षित घरांतही अजून घट्ट आहे. वास्तविक १९६२ साली संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले, की ओलसर राखलेल्या वरवरच्या जखमेवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने येते, कारण वाळलेली खपली आड येत नसल्याने पेशींना सरकायला वाट मोकळी मिळते. चिकटलेली कोरडी पट्टी ओढताना रुग्ण कळवळतो, तेव्हा हीच कोवळी त्वचा सोलून निघत असते. ड्रेसिंग रोज करणाऱ्या परिचारिकांपर्यंत असे संशोधन अनेकदा फार उशिरा पोहोचते, याचे मला मनस्वी वाईट वाटते. रुग्णालयांनी त्यांच्यासाठी ड्युटीच्या वेळेतच नियमित अभ्यासवर्ग घ्यावेत, अशी कळकळीची विनंती आहे.

— एक निवृत्त परिचारिका, इंदूर